कर्तेपणाची कल्हई

काचेपलीकडचा गृहस्थ तिठ्यावर उभा राहून विचार करत होता. तिठा अर्थात पडद्यावरचा. डावीकडे रान, समोर घाट, उजवीकडे नदी. हनुवटीखाली मूठ धरून तो असा काही गढून गेला होता, की बघणाऱ्याला वाटावं राज्याचा अर्थसंकल्प याच्याच डोक्यावर आहे. काचेच्या अलीकडे शमिका गुरव कागदाच्या पुडीतली भेळ खात उभी होती. तिच्या शेजारी तिचा साहेब, पराशर चिटणीस.

"रानात शिरेल," पराशर म्हणाला.

"कुठेही शिरू दे. तिन्ही वाटा त्याच देवळापाशी येतात."

गृहस्थाने शेवटी नदी धरली. मगर आली, तिला त्याने मारलं, आणि पलीकडच्या काठावर देऊळ दिसलं. रानात शिरला असता तर अस्वल आलं असतं, घाटात दरोडेखोर. मगर, अस्वल आणि दरोडेखोर यांच्यात एका कातड्याचाच काय तो फरक. खेळ संपवून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर खेळताना बांधलेल्या यंत्राच्या पट्टीचा लाल वळ उठला होता आणि तोंडावर लग्नातल्या व्याह्याचा रुबाब होता.

"मॅडम, मी नदीची वाट घेतली म्हणून वाचलो हं. दुसरा कोणी असता तर फसला असता."

"हो ना," शमिका म्हणाली. "सगळ्यांना नाही जमत."

तो गेल्यावर तिने पुडीचा बोळा करून टोपलीत टाकला. खेळाडू नावाच्या जातीबद्दल तिला आता रागसुद्धा येत नसे. राग येण्यासाठी समोरच्याला माणूस समजावं लागतं.

एके काळी ती समजत असे. 'सारीपाट इंटरॲक्टिव्ह'मध्ये नवी लागली तेव्हा तिने 'नऊ दरवाजे' नावाचा खेळ लिहिला होता. खेळाडूने राजाच्या हेराची भूमिका घ्यायची, आणि तो वागेल तशी गोष्ट वळणार. फितुरी केली तर राज्य बुडणार, दया दाखवली तर ती दया पुढे कुठेतरी अंगलट येणार. नऊ दरवाजे आणि त्यांच्यामागे नऊ खऱ्या गोष्टी. त्यासाठी तिने झोप सोडली, एक ठरत आलेलं लग्न सोडलं. खेळ बाजारात आला आणि लोकांनी त्याचं काय केलं? हेर गावात शिरून मडकी फोडत बसले. कोबी चोरत बसले. कौलांवर चढून उड्या मारत बसले. ज्यांनी गोष्ट पुढे नेली ते झाडून सगळे एकाच दरवाजाने गेले, कारण त्याच्यावर दिवा होता. आणि वर तक्रार अशी, की खेळात निवडीला वाव नाही. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

तेव्हापासून तिने एकच वाट लिहायला सुरुवात केली. सरळ, एकाच टोकाला जाणारी मोहीम, आणि दोन्ही बाजूंना भिंतीवर रंगवलेले दरवाजे. तिचं म्हणणं असं, की माणसाला निवड नको असते, निवडल्याचा मान हवा असतो. पंगतीत वाढप्याने आग्रह करावा, आपण नको-नको म्हणावं आणि जिलबी पानात पडावी, एवढंच त्याचं स्वातंत्र्य.

हे म्हणणं पट्टीने शास्त्रापर्यंत नेलं.

शोध तसा साधा होता. आपण स्वतःहून बटण दाबलं आणि दिवा लागला, तर दाबणं आणि लागणं यांतलं अंतर मेंदूला असतं त्याहून कमी वाटतं. तेच बोट दुसऱ्या कोणी धरून दाबलं तर तसं वाटत नाही. म्हणजे मेंदू आपल्या कृतीला आणि तिच्या परिणामाला एकमेकांकडे ओढून घेतो, आणि त्या ओढीतून 'हे मी केलं' ही जाणीव येते. इथवर जुनंच ज्ञान होतं. नवीन एवढंच, की ही ओढ बाहेरूनही लावता येते. कपाळावरची पट्टी मेंदूतली हालचाल वाचायची, पडद्यावरचा परिणाम त्या बेताने किंचित मागेपुढे सरकवायची, आणि कानामागून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी मेंदूच्या नेमक्या जागेला हलकासा धक्का द्यायची. माणसाने काहीही न निवडता केवळ पुढे सरकत राहावं आणि त्याला मनोमन खात्री वाटावी, की ही वाट माझी, मी काढली. निवड ही एक वस्तू आणि निवडल्याची जाणीव ही दुसरी. पहिली महाग पडते, दुसरी स्वस्तात होते. पितळेच्या भांड्याला आतून कथील चढवावं तशी ही जाणीव कशालाही चढवता येई, म्हणून कचेरीत सगळे तिला कल्हई म्हणत.

कल्हईवाला एकदा गल्लीत शिरला की घरोघरची भांडी बाहेर येतात. शाळांनी मुलांना शाखा 'निवडायला' पट्ट्या घेतल्या. वधूवर मंडळांनी घेतल्या. महामार्गावरच्या एका खानावळीत म्हणे फक्त पिठलं-भाकरी उरायची आणि गिऱ्हाईक ती पसंत करून खायचं, वर मालकाला शाबासकी द्यायचं. मतदानाला पट्टी वापरायची नाही असा कायदा झाला, तेव्हा ज्यांनी तो केला त्यांच्याच पक्षांच्या मागण्या परत पाठवाव्या लागल्या.

तक्रारी येत, पण हसण्यासारख्या. एका खेळाडूने कळवलं, की पट्टी लावून खेळताना त्याला जुन्या नोकरीची आठवण आली आणि तेव्हापासून त्याला स्पष्ट आठवतंय, की राजीनामा त्याने स्वतः दिला होता. प्रत्यक्षात त्याला हाकलला होता. कारण शमिकाला ठाऊक होतं. आठवण काही कपाटात ठेवलेली शाल नसते. ती बाहेर काढली, की घटकाभर ओली होते आणि परत वाळते, आणि ओली असताना तिला जे लागेल ते चिकटून राहतं. या माणसाच्या ओल्या आठवणीला कल्हई लागली होती. पुढची गंमत अशी, की एकदा 'मी केलं' हे बसलं, की मेंदू पुरावाही स्वतःच तयार करी. त्या माणसाला राजीनामा लिहिलेलं पेनसुद्धा आठवत होतं, निळ्या शाईचं.

"बरंच झालं की त्याचं," शमिका म्हणाली होती. "फुकटात अब्रू परत मिळाली."

आणि ती आणि पराशर पोट धरून हसले होते.

म्हाताऱ्यांचं काम आलं ते त्यानंतर. पुण्याबाहेर 'सायंतारा' नावाची ज्येष्ठांची वसाहत उभी राहिली होती. मुलं पैसे भरायला एका पायावर तयार, पण म्हातारी माणसं घर सोडायला तयार होत नव्हती. वसाहतीला असे रहिवासी हवे होते जे आपणहून आले. शमिकाने त्यांच्यासाठी मोहीम लिहिली. म्हाताऱ्याने पट्टी लावून पडद्यावर आपल्याच घरातून फिरायचं, एकेका खोलीचा निरोप घ्यायचा, गेलेल्या माणसांचा निरोप घ्यायचा, आणि मग अंगणातून निघणाऱ्या तीन वाटांपैकी एक धरायची. गेलेल्यांचा निरोप ही तिची खास भर होती. रडणारा माणूस लवकर पुढे सरकतो, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. तिन्ही वाटा कुठे जात होत्या हे सांगायला नकोच.

मोहीम धो-धो चालली. पराशरने पेढे वाटले. आणि शमिकाला अण्णा आठवले.

तिचे वडील, रघुवीर गुरव, कुडाळच्या पलीकडच्या एका गावात ग्रामदैवताचे पुजारी होते. पिढ्यान्‌पिढ्या गुरवकी त्यांच्या घरात. चिऱ्याच्या दोन खोल्या, वर पत्रा, बाजूला देऊळ. गेल्या वर्षी शेवाळावर पाय घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि शेजाऱ्यांना हाक ऐकू येईपर्यंत ते तसेच पडून होते. घर सोडून पुण्याला चला, असं शमिकाने दहा वेळा सांगून पाहिलं. दर वेळी एकच उत्तर.

"देवाक इचारलंय. डावी पडली."

त्या गावात लग्न असो, विहीर असो, म्हैस विकणं असो, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नसे. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणायचं. एकदा कौल मिळाला, की पुढच्या बऱ्यावाइटाला माणूस धनी नाही.

शमिका बारावीत असताना तिच्या आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गोव्याला न्या, लगेच ऑपरेशन करा. अण्णांनी देवाला विचारलं. डावी पडली. आई पावसाळा संपता संपता घरच्या खाटेवर गेली. शमिकाने विचारलं होतं, "का नाही नेलंत?" आणि अण्णांनी शांतपणे, अगदी नितळ डोळ्यांनी सांगितलं होतं, "देवान नाय म्हटल्यान, बाय. आपल्या हातात काय आसा?"

त्या नितळ डोळ्यांची तिला किळस आली ती कायमची. बापाने तिला मारलं असतं, दारू प्यायला असता, तर ती एखादे दिवशी विसरली असती. पण हा माणूस बायकोला मरू देऊन रात्री गाढ झोपत होता. एकदा, फक्त एकदा त्याने म्हणावं, की मी चुकलो, मी केलं. पुण्याला आल्यावर तिने खेळाडूंचा तुच्छतेने विचार केला त्याच्या मुळाशी हाच माणूस होता. अख्खं जग तिला पाकळीच्या आड लपलेलं दिसे.

गणपतीनंतरच्या एका दुपारी ती पट्टी घेऊन गावी गेली.

"ह्या काय गो?" अण्णांनी विचारलं.

"खेळ आहे. मी लिहिलाय. बघा तरी, मुलगी काय काम करते ते."

"तुझ्या खेळाक आता ह्यो म्हातारो होयो?" असं म्हणत ते खूश होऊन खुर्चीत बसले. मुलीने आपलं काम दाखवायला आणावं, हे त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिने त्यांच्या कपाळावरचं गंध पुसलं आणि पट्टी बसवली. घराचे फोटो तिने आधीच घालून ठेवले होते. अण्णा पडद्यावरच्या स्वयंपाकघरातून फिरले, परसात गेले, आईच्या खाटेपाशी थांबले. तिथे फार वेळ थांबले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. शमिकाने ते पाहिलं आणि गेलेल्यांचा निरोप बरोबर जागी आलाय, एवढीच नोंद मनाशी केली. मग ते अंगणात आले आणि वाटेला लागले.

पट्टी काढल्यावर त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "बाय, मी येतंय पुण्याक. मीच ठरयलंय. देवाक काय सगळा इचारूक होया?"

येताना गाडीत शमिका गाणं गुणगुणत होती. देवाने आयुष्यभर जे केलं नाही ते तिच्या एका मोहिमेने एका दुपारी केलं होतं.

सायंतारात अण्णा रमले. निदान तसं दिसलं. तिथली रीत अशी, की रहिवाशांनी रोज न्याहारीनंतर थोडा वेळ पट्टी लावायची, कारण कल्हई घासली की उडते, परत लावावी लागते. सगळे म्हातारे व्हरांड्यात ओळीने बसत आणि आपापल्या घरातून निघून तीन वाटांपैकी एक रोज नव्याने धरत. शमिका रविवारी भेटायला जाई तेव्हा अण्णा दिसेल त्याला सांगत, "माझो मी इलंय हां! ह्या माझ्या चेडवान आग्रह करूक नाय काय नाय." शेजारचे निवृत्त मामलेदार सांगत, की तेही आपणहूनच आले. त्यांच्या पलीकडच्या बाईही. शमिका त्या सगळ्यांकडे बघून मान डोलावे. काचेपलीकडचे खेळाडू आणि हे यांच्यात फक्त केसांच्या रंगाचा फरक आहे, असं तिला वाटे.

दिवाळी झाली. एका रविवारी अण्णा खोलीबाहेर आले नाहीत. परिचारिका म्हणाली, जेवत नाहीत, दोन घास कसेबसे खातात. शमिका आत गेली तर ते पलंगाच्या कडेला बसले होते. दाढी वाढलेली, हात मांडीवर उपडे ठेवलेले.

"काय झालं अण्णा? घरची आठवण येते?"

"बाय, दार लाव."

तिने दार लावलं.

"तुझ्या आवशीक मी मारलंय," अण्णा म्हणाले.

शमिका उभी होती ती खुर्चीत बसली.

"देवाचा नाव घेतलंय, पण देवान काय एक सांगूक नाय. मी ठरयलंय. आपल्या घराचो कौल आपण लावचो नसता, तो दुसऱ्या गुरवान, दत्तारामान लावचो. तेका मी फुला आणूक धाडलंय आणि मीच आत गेलंय. उजवी पाकळी चांगली भिजयलंय. डावी कोरडी लायलंय. कोरडी पाकळी रवता काय गो? ती पडतलीच. माझ्या हाताक म्हाईत होता."

"पण का?"

"भियालंय. पोट फाडतले आणि ती थयच मेली तर? लोक म्हणतले, रघवान न्हेऊन मारल्यान. घरात मेली तर देवान न्हेली. म्हणान देवाक फुडे केलंय." त्यांनी मांडीवरचे हात उताणे करून पाहिले. "इतकी वर्सां झोपलंय कसो मी? आता डोळो मिटलो की ती खाटेवरसून बघता माझ्याकडे."

विशीच्या आतल्या शमिकाने ज्या वाक्यासाठी जीव टाकला असता ते वाक्य आता तिच्यासमोर होतं. अंगणात कोणीतरी म्हातारी दुसरीला आपण कसे आपणहून आलो ते मोठ्याने सांगत होती.  शमिकाला तो निळ्या शाईचा पेनवाला आठवला आणि आपलं हसणंही. आईच्या खाटेपाशी बापाला उभं करून, आठवण ओली करून, तिने स्वतःच्या मोहिमेने रोजच्या रोज कल्हई लावली होती. रोज न्याहारीनंतर. कोरडी पाकळी हा खरा प्रसंग होता की मेंदूने जुळवलेला पुरावा, हे आता जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकत नव्हतं. दत्ताराम तर केव्हाच मेला होता.

तिने दोन दिवस हात चोळले. पराशरला फोन केला. तो म्हणाला, "अगं, अपराधी वाटणं म्हणजे कर्तेपणाच ना? म्हणजे उत्पादन उत्तम चाललंय." मग तिचा आवाज ऐकून जरा वरमला. "बरं, उलटी फिरव. पट्टीने परिणाम जवळ ओढता येतो तसा लांबही ढकलता येतो. तीच आठवण काढायला लाव आणि ढकल. दोन-तीन बैठकांत 'हे मी केलं नाही' असं वाटायला लागेल. त्याला सांगू नकोस मात्र, सांगितलं की लागत नाही नीट."

पराशर म्हणजे उघड्याशेजारी नागडं गेलं, रात्रभर थंडीने मेलं. सल्ला घ्यायला हाच सापडला. पण सल्ला बरोबर होता आणि शमिकाला तो अमलात आणणं सहज जमलं असतं. 'अण्णा, नवीन खेळ आणलाय' एवढं म्हणायचं होतं. ती पट्टी घेऊन सायंतारात गेलीही. सकाळची वेळ होती, व्हरांड्यात ऊन आलं होतं. अण्णा खोलीतच होते. तिने पट्टी पिशवीतून काढली, त्यांच्या कपाळाकडे हात नेला आणि अण्णांनी निमूट डोकं पुढे केलं. ज्या विश्वासाने त्यांनी ते पुढे केलं तो बघून तिचा हात तिथेच थांबला.

"अण्णा, तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

तिने सगळं सांगितलं. तिठा, मगर, तीन वाटा, कल्हई. आठवण ओली होणं. ते पुण्याला कसे आले तेही. तिच्या आयुष्यात इतकं सरळ असं तिने कधी काही सांगितलं नव्हतं. 

"म्हणजे हय येवचा माझा न्हय?"

"नाही. ते मी केलं."

"तू माका फसयलंस."

"हो."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी तिच्याकडे तुच्छतेने पाहिलं नव्हतं. ती त्यांच्याकडे तशी पाहत आली होती, म्हणून तिने ती नजर लगेच ओळखली.

"माका घराक सोड," ते म्हणाले. "आजच."

"सोडते. पण आधी हे काढू या." तिने पट्टी उचलली. "आईचं जे तुम्हाला वाटतंय ते यंत्राने लावलंय, अण्णा. ते निघतं. थोडा वेळ लागेल, पण तुम्हाला पूर्वीसारखी झोप लागेल."

"काढल्यार माका काय वाटात?"

"पूर्वी वाटायचं तेच. देवाने केलं."

"आणि खरा काय ता तुका म्हाईत आसा?"

"नाही."

अण्णा हसले. कफ झालेल्या छातीतून आलेलं ते हसू ऐकायला बरं नव्हतं.

"म्हणजे माका पुण्याक येवचा होता काय नाय, ता तू ठरयलंस. आता तुझ्या आवशीक मी मारलंय काय नाय, ता पण तूच ठरयतलंस. देव बरो गो तुझ्यापरास. तो निदान पाकळी तरी लावक दिता."

 हे खेळात असतं तर तीन उत्तरं पडद्यावर आली असती, आणि कुठलंही निवडलं तरी बाप शेवटी हसला असता, कारण तिने तसंच लिहिलं असतं. तिने पट्टी पिशवीत टाकली.

"मी काढूक देवचंय नाय," अण्णा म्हणाले. "खरा आसात, खोटा आसात, माझ्या हाताक लागलाहा. ह्या वयात मी तेका परत देवाच्या माथ्यार खय घालू? आणि खरा आसला तर?"

बाहेर कोणीतरी न्याहारीनंतरच्या पट्टीसाठी हाका मारत होतं. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. अण्णा उठले, धोतराचा सोगा सारखा केला, आणि उभ्या उभ्या थरथरायला लागले. शमिकाने त्यांचा दंड धरला. हाडावर नुसतं कातडं लागलं.

"बाय," ते म्हणाले, "माका माफ करशीत?"

शमिकाला रडू आलं. इतकी वर्षं ज्या माणसाचा तिने तिरस्कार केला तो तिच्या हातात कापत होता आणि तो तिरस्कार तिला कुठे सापडेना. आता तरी याला काहीतरी द्यावं, असलं-नसलं सगळं द्यावं, असं तिला वाटलं. जन्मभर दुसऱ्यांना रंगवलेले दरवाजे दाखवणारी ती बाई समोरच्या एकमेव दाराने विचार न करता आत शिरली.

"केलं अण्णा," ती म्हणाली. "तुम्हाला मी माफ केलं."

अण्णांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी दंड सोडवून घेतला आणि परत पलंगावर बसले, आणि तेव्हा कुठे तिला कळलं, की या घटकेपर्यंत ते आशा धरून होते, पोरगी म्हणेल, माफ करण्यासारखं तुम्ही काही केलंच नव्हतं.